दाराची आतली बाजू

मंगळवारी सकाळी रेडिओवरच्या सातच्या बातम्यांत लॉर्ना थर्टल 'वायमंडहॅम' म्हणाली. रस्त्याच्या कामाची साधी बातमी होती. वायमंडहॅमजवळची एक मार्गिका शुक्रवारपर्यंत बंद, वाहनचालकांनी वेळ हाताशी ठेवून निघावं. वाक्य पुरं झालं, पुढचं सुरू झालं. तिचा आवाज कुठे अडखळला नाही, घसरला नाही. तेहेतीस वर्षांच्या सवयीने तो आपल्या वाटेने चालत राहिला. पण काचेपलीकडे बसलेल्या डीनने मान वर केली. कागदावर ते नाव तसंच लिहितात हे खरं, पण इंग्लंडातल्या या नॉरिच शहरात वाढलेलं शेंबडं पोरसुद्धा त्या गावाला विंडमच म्हणतं. मधली अक्षरं लिहायची असतात, उच्चारायची नसतात. ती उच्चारली की माणूस परका आहे हे तेवढ्याने कळतं. लोक त्याला हसून रस्ता दाखवतात आणि तो गेला की पुन्हा हसतात. लॉर्नाची तर आईच विंडमची. हवामान वाचता वाचता तिच्या कानात ते नाव पुन्हा वाजलं आणि मानेवर बर्फाचा तुकडा ठेवल्यासारखं झालं. आपण चुकलो याची ती भीती नव्हती. चुका सगळ्यांच्याच होतात. म्हणताना ते चूक वाटलंच नव्हतं, याची भीती होती.

"राणीसाहेब, कुठल्या देशातलं गाव ते?" ती बाहेर आल्यावर डीन म्हणाला. डीन म्यूटिमर बातम्यांचा निर्माता, तिच्याहून पंचवीस वर्षांनी लहान, आणि थट्टेवाचून त्याला एक वाक्य पुरं करता येत नसे. "लार्टरबाईंचा फोन येऊन गेलासुद्धा. म्हणाल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षं मी विंडममध्ये राहते, हे वायमंडहॅम मात्र अजून पाहिलेलं नाही. बस जाते का तिकडे?"

"झोप झाली नाही रे," लॉर्ना म्हणाली आणि त्याच्याबरोबर हसली. हसताना तिने आपलंच हसू कान देऊन ऐकलं. बरोबर होतं. त्याला काही झालं नव्हतं.

दुपारी ती बाजारातून चालत घरी निघाली तेव्हा पाट्या तिच्याकडे बघत होत्या. एरवी पाटी वाचावी लागत नाही, ती नुसती डोळ्यात शिरते. खाटकाचं दुकान, चाव्यांचं दुकान, लोकरीचं दुकान. आज प्रत्येक पाटीवर अक्षरं सुटी सुटी उभी होती, शाळेच्या फोटोतल्या मुलांसारखी, आणि आजवर ज्यांना मागच्या रांगेत गप्प बसवलं होतं ती तोंड उघडू पाहत होती. चावीवाल्याच्या पाटीवर सुरीसाठी जो शब्द होता त्याच्या सुरुवातीचा 'क' तिच्या जिभेवर येऊन बसला. तिने ओठ मिटून घेतले. इंग्रजीतली ही मुकी अक्षरं कोण गप्प ठेवतं, असा विचार तिने जन्मात केला नव्हता. शाळेत बाई सांगतात आणि मग ती गप्प असतात, इतकंच. आता वाटलं की नाही, तेवढ्याने भागत नाही. शब्द ओळखीचा असतो, त्या शब्दामागची वस्तू डोळ्यापुढे असते, म्हणून ती गप्प असतात. मागची वस्तू हलली की तोंडावरचा हात सुटतो. हा विचार कुठून आला हे तिला कळलं नाही. पण तो आला तेव्हा ती पुलावर होती, आणि खालचं पाणी बघत तिने तो दोनदा मनात म्हणून पाहिला. पाणी तपकिरी होतं आणि संथ होतं.

बुधवारी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून प्रयोग केला. प्रयोग हा शब्द तिचाच. जुन्या बातम्यांच्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर तिने आदल्या संध्याकाळी शब्दकोशातून साठ शब्द उतरून घेतले होते. त्यातले तीस जसे लिहितात तसेच बोलायचे, आणि तीस असे, की लिहायचं एक, बोलायचं दुसरंच. सगळे मिसळून टाकले होते. फोन समोर ठेवून तिने ते बातम्यांच्या आवाजात वाचले, मग शब्दकोश उघडून ऐकत ऐकत तपासले. सरळ तीसपैकी तीस बरोबर. वाकड्या तीसपैकी नऊ चूक. गुरुवारी तेच कागद पुन्हा वाचले; तेच नऊ, आणि आणखी दोन. म्हणजे ही झोपेची गोष्ट नव्हती. झोप कमी पडली की माणूस कुठेही चुकतो, ठरलेल्या जागी चुकत नाही. तिने चुकलेले अकरा शब्द वेगळे लिहिले आणि त्यांच्यात सारखं काय आहे ते शोधू लागली. मुकं अक्षर कधी सुरुवातीला होतं, कधी पोटात, कधी शेवटी; स्वरांचं काही एक ठरलेलं नव्हतं. तिसऱ्या शब्दाशी ती थांबली. तो तिने 'याच्ट' असा वाचला होता. शब्दकोश म्हणत होता 'यॉट'. यॉट. तिने तो मोठ्याने म्हटला, एकदा, दोनदा, आणि त्याच्या मागून काही येईल म्हणून वाट पाहिली. पाण्याशी संबंध आहे एवढं आलं. बोटीचा काहीतरी प्रकार. पांढरा? मोठा की लहान? इथून वीस मैलांवर नद्यांच्या पसाऱ्यात दर उन्हाळ्यात असल्या शेकडो बोटी शिडं लावून हिंडतात, लहानपणी सुट्टी म्हटली की तीच. आणि तिच्या डोळ्यांपुढे नुसतं पाणी होतं, वर काही नसलेलं. मग तिने बाकीचे दहा शब्द एकेक करून पाहिले. दहाही रिकामे निघाले, आतून कुणीतरी सामान हलवलेल्या खोल्यांसारखे. अकराही जागी सारखं होतं ते हेच.

ती उठली, चहाचं भांडं ठेवलं, कपाट उघडलं. हे आईवडिलांचंच घर. आई गेल्यावर वडील इथे एकटे राहिले, गुडघे गेल्यावर नदीकाठच्या वृद्धांच्या वसाहतीत गेले, आणि लॉर्ना इथे आली. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाखाली बारीक उंचवटे होते. चहाचा डबा काढताना तिची बोटं रोज त्यांच्यावरून जात. विल्फ थर्टल, तिचा बाप, नॉरिचमधला पाट्या रंगवणारा नामांकित कारागीर. अर्ध्या शहरावर त्याच्या हातची अक्षरं होती, आणि स्वतःच्या घरातलं दार मात्र त्याने न घासता रंगवलेलं. त्यावरून ती त्याला नेहमी चिडवायची. तो म्हणायचा, न्हाव्याच्या पोरांचे केस वाढलेलेच असतात.

आई. तिला आईकडे जायचं नव्हतं, पण सगळ्या वाटा तिकडेच उतरत होत्या. आई पंचावन्नची, लॉर्ना पंचवीसची, रेडिओत नुकतीच लागलेली, नीट उच्चाराचा नवा माज अंगात. रविवारी चहाच्या वेळी आई हातात डबा घेऊन म्हणाली होती, "सालमनचं सँडविच करू का?" त्या माशाच्या नावातला मधला 'ल', जो कुणी म्हणत नाही, तो स्वच्छ, घंटेसारखा. लॉर्ना हसली होती. थोडंथोडकं नाही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आई, सालमन! अगं, अख्ख्या इंग्लंडात एवढी एकच बाई असेल!" बाबाही हसले होते, आईसुद्धा हसली होती, आणि मग डब्याकडे पाहत राहिली होती, त्या डब्यानेच काहीतरी केल्यासारखी. तो शब्द तिने आयुष्यभर बरोबर म्हटला होता. पुढे आईने पेपर मोठ्याने वाचणं सोडलं, मग चर्चमध्ये प्रार्थना म्हणणं सोडलं, मग सगळ्या जनावरांना कुत्रा म्हणू लागली, गाईलाही, बदकालाही. शेवटी तीही ओळख गेली. डॉक्टर नुसता मनाचा ताण म्हणत राहिले. गेली तेव्हा ती एकोणसाठची होती. लॉर्ना फेब्रुवारीत एकोणसाठची होणार होती.

रेडिओत बसून वाचणाऱ्याच्या हाती पेन्सिल असतेच. परदेशी खेळाडूचं नाव, एखादा अवघड आजार, पोलंडमधलं गाव. कागदावर त्या शब्दाच्या डोक्यावर तो जसा बोलायचा तसा बारीक लिहून घेतात. कुणाला त्याचं काही वाटत नाही. लॉर्नाने शुक्रवारी ह्याच पेन्सिलीचा आडोसा घेतला. आधी अकरा शब्द, मग त्यांच्यासारखे दिसणारे, मग खात्री असलेलेसुद्धा, कारण म्हणताना खात्री असणं हेच आता संशयाचं झालं होतं. त्यासाठी ती अर्धा तास आधी आली. वाचन निर्दोष झालं. लार्टरबाईंचा फोन आला, की आता बरं वाचतेस हो, पोरी. त्याच दिवशी डीनने तिच्या टेबलावरचा वाचून झालेला कागद सहज उचलला. पान करडं दिसत होतं.

"हे काय गं?" तो म्हणाला. "गुडघ्यावर पण पेन्सिल? गुडघा म्हणायचा कसा ते विसरलीस?"

"चष्मा बदलायला झालाय. अक्षरं एकात एक शिरतात."

"'बेट' यावर पण आहे." त्याने वर पाहिलं. थट्टा त्याच्या तोंडावर अजून होती, पण डोळ्यांतून गेली होती. "लॉर्ना, सगळं ठीक आहे ना?"

"तुझ्या स्पेलिंगच्या चुका सुधारते मी. आभार मान."

तो हसला नाही. कागद परत टेबलावर ठेवत म्हणाला, "रविवारची यादी मी तुला मोठ्या टायपात काढून देतो. प्लॅस्टिकमध्ये घालून. गेल्या वर्षी वाऱ्याने कागद उडाले होते आठवतं? पेन्सिल उमटणार नाही त्यावर, पण तुला काय, तुला ती पाठच आहे."

हे तो काळजीने म्हणाला की पारखायला, ते तिला कळलं नाही. रविवार म्हणजे नोव्हेंबरचा तो रविवार, युद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा. शहराचा मोठा सोहळा चौकात होतो, पण लॉर्नाचं रेडिओ केंद्र वीस वर्षं बुटांच्या जुन्या कारखान्याच्या आवारातला छोटा सोहळा थेट ऐकवत आलं होतं. पहिल्या महायुद्धात त्या कारखान्यातले एक्केचाळीस कामगार गेले. खेड्यापाड्यांतून शहरात चामडं शिवायला आलेली पोरं, म्हणून भिंतीतल्या दगडावर प्रत्येक नावापुढे गाव कोरलेलं. कारखान्याची आता घरं झाली, दगड राहिला. अकरा वाजता तोफ, दोन मिनिटं स्तब्धता, मग लॉर्ना एक्केचाळीस नावं गावांसकट वाचते. त्या त्या गावाहून म्हातारी माणसं त्यासाठी येतात, आपल्या गावाचं नाव आपल्याच तोंडच्यासारखं ऐकायला, आणि मग चहा पिऊन जातात. तिला यादी पाठ नव्हती. वीस वर्षांत कधी पाठ करायची वेळच आली नव्हती. तिला ती गावं माहीत होती, नि तेवढं पुरे होतं.

तिच्या पर्समध्ये दवाखान्याची चिठ्ठी होती, येत्या गुरुवारची वेळ दिलेली. तपासणी, मेंदूची छायाचित्रं. तिने स्वतःशी पैज लावली. रविवारी कोरी यादी वाचायची. पेन्सिल नाही, लपवलेला कागद नाही. एक्केचाळीस गावांत एकही चूक झाली नाही तर गुरुवारचं रद्द, आणि हा आठवडा म्हणजे एक वाईट आठवडा, बस. परीक्षा सचोटीची व्हायला हवी म्हणून तिने शनिवारी यादीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहायची भीती वाटली असंही म्हणता येईल. तिने ते तसं म्हटलं नाही.

शनिवारी दुपारी ती वडिलांकडे गेली. विल्फ सत्त्याऐंशीचा, कान शाबूत, हात थरथरते. त्याचा रेडिओ सकाळी सहा ते नऊ तिच्यावरच लावलेला असे. ती घाबरत गेली होती, पण त्याने मंगळवारचा विषय काढला नाही. चहात बिस्किट बुडवत तो दगडाबद्दल बोलला. दर पाच वर्षांनी दगडावरच्या अक्षरांत काळा रंग भरायचं काम त्याचंच होतं, पंच्याहत्तरीपर्यंत.

"एक्केचाळीस नावं, एक्केचाळीस गावं," तो म्हणाला. "हॉबिस लिहायला बघ किती अक्षरं, आणि बोलायला किती. मी आमच्या उस्तादांना म्हटलं, ही मधली गाळली तर कुणाला कळणार आहे? ते म्हणाले, गधड्या, मुक्या अक्षरालाही रंग तेवढाच लागतो." मग उरलेलं बिस्किट खाऊन म्हणाला, "पोरी, तुझं जेवण होतं ना वेळेवर?"

"होतं बाबा."

"बरं." तिचा हात त्याने थोपटला. टेबलावर शाईची बाटली होती आणि बोरू होते, बऱ्याच वर्षांनी बाहेर काढलेले. तिने ते पाहिले आणि त्यांचा काही अर्थ लावला नाही.

रविवारी आवारात दीडशेक माणसं होती, छातीवर कागदी लाल फुलं लावलेली. ऊन होतं, पण त्यात ऊब नव्हती. डीन तारा ओढत होता. विल्फला चाकाच्या खुर्चीत पहिल्या रांगेत आणून बसवलं होतं. लॉर्ना त्याच्या गळ्यातला मफलर नीट करायला वाकली, तेव्हा त्याने कोटातून तपकिरी पाकीट काढून तिच्या हाताखाली सरकवलं.

"काय हे?"

"यादी. बोलायची तशी लिहिलीय. तीन दिवस लागले, हात ऐकत नाही आता."

तिचा चेहरा एकदम तापला. "मला कशाला? तुम्हाला कुणी सांगितलं? डीनने?"

"डीन कोण? मी ऐकतो की तुला रोज." तो तिच्याकडे बघत नव्हता, दगडाकडे बघत होता. "तुझ्या आईला पण करून दिलं होतं. कपाटाच्या दाराआड, डब्यांची नावं. तू हसलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हणाली, लॉर्नाला दिसता कामा नये. गेली तेव्हा मी त्यावर पांढरा मारला. घासायचं होतं आधी, पण घासवेना."

ती उभी राहिली. बोटांच्या टोकांना ते उंचवटे आठवले, एकामागून एक, डावीकडून उजवीकडे, रोज चहाचा डबा काढताना. तिने पाकीट कोटाच्या खिशात कोंबलं आणि ध्वनिक्षेपकाकडे गेली. तिला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि राग कुणावर हे ठरवायला वेळ नव्हता. तोफ झाली. दोन मिनिटं कबुतरांशिवाय कुणी हललं नाही. त्या स्तब्धतेत तिला वाटलं, ही दीडशे माणसं तोंडावर हात ठेवून उभी आहेत, आणि मी एकटीच अशी की जिचा हात सुटत चाललाय. मग डीनने बोट वर केलं.

पहिलं नाव गेलं. दुसरं गेलं. प्लॅस्टिकवर ऊन चमकत होतं, अक्षरं मोठी आणि काळी आणि नेटकी. विंडम आलं, तिने ते विंडम म्हटलं. चौथं, पाचवं, सहावं गाव सरळ होतं. सातवा माणूस हर्बर्ट डॅपलिन, वय एकोणीस, आणि त्याच्यापुढे गाव. एच, ए, दोनदा पी. ती त्या शब्दाकडे पाहत राहिली. समुद्रकाठचं गाव, हे तिला माहीत असायला हवं होतं. 'हॅपिसबर्ग' जिभेवर तयार होतं, गुळगुळीत, खात्रीचं, अजिबात चूक न वाटणारं. आणि चूक वाटत नव्हतं म्हणूनच तिने ते म्हटलं नाही. एक सेकंद. तीन. रेडिओवर तीन सेकंद म्हणजे फार झाले. कुणी खोकलं नाही. लोकांना वाटलं असेल, बाईचा कंठ दाटला. पहिल्या रांगेत एक म्हातारी मान पुढे काढून वाट पाहत होती. ते गाव तिचं असणार.

लॉर्नाने खिशातून पाकीट काढलं आणि फाडलं. फाडल्याचा आवाज ध्वनिक्षेपकाने उचलला आणि तो साऱ्या परगण्यात घराघरात ऐकू गेला. आत जाड कार्ड होतं. त्यावर विल्फच्या हातची मोठी अक्षरं, कडा थरथरलेल्या, पण ओळ सरळ, आणि त्यांत मुकं एकही नव्हतं. प्रत्येक अक्षर बोलण्यासाठीच तिथे होतं. "हर्बर्ट डॅपलिन," ती म्हणाली, "हेझ्ब्रा." म्हातारीने मान मागे घेतली, डोळे मिटले. मग टॅकल्स्टन, गार्ब्लशम, कॉसी, पॉझिक, हॉबिस. ती कार्ड लपवत नव्हती, दोन्ही हातांत छातीसमोर धरून वाचत होती, शाळेतल्या मुलीसारखी. एक्केचाळीस झाली.

चहाच्या वेळी डीन तिच्याजवळ आला. तो काही म्हणणार होता, त्याआधीच तिने कार्ड त्याच्या हातात दिलं. त्याने ते वाचलं, वरपासून खालपर्यंत, आणि परत दिलं.

"उद्यापासून माझ्या जागी कुणाला तरी बसव," ती म्हणाली. "गुरुवारी मला दवाखान्यात जायचंय. नंतर काय ते सांगते."

"मी सोडायला येऊ का, दवाखान्यात?" डीन म्हणाला. त्या वाक्यात थट्टा नव्हती. त्याने वाक्य पुरं केलं होतं.

तिने विल्फला घरी नेलं, त्याच्या जुन्या घरी. खुर्ची स्वयंपाकघरात कपाटासमोर आणली, दार उघडलं, आणि त्याचीच जुनी पातळ पाती घेऊन रंग खरवडायला लागली. "सपाट धर," तो मागून म्हणाला, "उभी नको, लाकूड खाशील. हां, असं." पांढरे पापुद्रे ओट्यावर पडत होते. खालून निळा रंग आला, मग निळ्यावर पिवळी अक्षरं, त्याच्या भरातल्या वर्षांची, डौलदार आणि ठाम. पहिला शब्द पुरा मोकळा झाला. तिने तो एका झटक्यात वाचला, सातच्या बातम्यांच्या आवाजात.

"आमंड."

"बरोबर," विल्फ म्हणाला.

ती पाती हातात धरून उभी राहिली. शब्द स्वच्छ होता, तोंडातून नीट बाहेर पडला होता, आणि त्याच्या मागे काही येत नव्हतं. कपाटाच्या दारावर आहे म्हणजे खायचं असणार. ती आणखी थोडा वेळ थांबली. हे असं आईने या जागी किती वेळा केलं असेल, हसरा चेहरा करून. मग ती वळली.

"बाबा, म्हणजे काय ते?"

म्हातारा हसला नाही. त्याने आपला थरथरता पंजा उघडला, दुसऱ्या हाताच्या बोटाने तळव्यावर एक लांबट आकार काढला, एका टोकाला निमुळता. "एवढंसं असतं," तो म्हणाला. "तपकिरी सालीचं. सोललं की आत पांढरं. नाताळच्या केकवर तुझी आई गोल लावायची, आणि तू केक कापायच्या आधीच काढून खायचीस."